अंदाजातून सुटलेली भिंत

आबा, जळगावात मेहरूणमधल्या एका घराला किती रंग लागेल याचा माझा अंदाज चुकला. थोडाथोडका नाही, चांगला एक बोळ आणि त्यातली मोरी सुटली. तुम्ही असता तर चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं असतं आणि पुन्हा टेप हातात दिला असता. तुम्ही गेलात तेव्हा मी जळगावला नुकतीच नांदायला आले होते. सासरचं दुकान तेव्हा नुसतं खिळे, बिजागऱ्या आणि कड्याकोयंड्यांचं होतं. रंगाचा कप्पा मी मागाहून हट्टाने सुरू करायला लावला. आता तिथे शेड मिसळायचं मशीन आहे. नंबर दाबला की हवा तो रंग, हवा तेव्हा, जसाच्या तसा. धुळ्याच्या आपल्या दुकानात तुम्ही पांढऱ्या डब्यात रंगाचं स्टेनर थेंबाथेंबाने सोडायचात, काडीने ढवळायचात, पुठ्ठ्यावर एक फटकारा ओढून उन्हात नेऊन बघायचात आणि गिऱ्हाईक बिचारं ताटकळत उभं राहायचं. ते मशीन बघून तुम्ही दोन दिवस जेवला नसता. पण मशीनला लोकांच्या घरी जाऊन भिंती मोजता येत नाहीत. ते काम आमच्या दुकानातून मी करते. घरच्या बायकांनाही बरं पडतं, स्वयंपाकघरात आणि आतल्या खोलीत टेप घेऊन बाईमाणूस फिरलेलं चालतं.

मोजायला मी तुमच्याकडेच शिकले. धुळ्यात कुणाकडे लग्न निघालं, की तुम्ही दुकानावरून उठून त्यांच्याकडे जायचात आणि मी टेपचं टोक धरायला बरोबर. घरात शिरल्या शिरल्या मी टेप सोडायला लागले, की तुम्ही थांबवायचात. "आधी बठ्ठं घर फिरी ये, मंग टेप काढ." मग आपण दोघं माजघर, पडवी, जिन्याखालची जागा, सगळं हिंडायचो. खोलीच्या चारी भिंतींची लांबी, गुणिले उंची, त्यातून दारं-खिडक्या वजा. दोन हात मारायचे धरले तर एका लिटरला साठ-सत्तर फूट. भिंत जुन्या चुन्याची असेल तर ती रंग पिते, तिला वेगळा धरायचा. एकदा कंटाळून मी म्हणाले, चांगला दोन डबे जास्तच सांगा ना आबा, उरला तर उरला. तुम्ही रस्त्यातच थांबलात. "उरना ते माळावर सडस, कमी पडना ते भिंतीवर दिसस. दोन्हीमा नाव आपलंच जास." तेव्हा हाताने मिसळलेला रंग कमी पडला तर पुन्हा तसाच जमत नसे, हे मला ठाऊक होतं. पण तुम्ही भर रस्त्यात एवढे का चिडलात ते कळायला मला स्वतः रंगाचा कप्पा सांभाळावा लागला.

तर मेहरूणचं घर. सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी जुनं घर विकत घेतलं होतं, तळ्याच्या अलीकडे. मी तुमच्या शिस्तीप्रमाणे आधी सगळं घर फिरले, मग मोजलं, मग डबे पाठवले. आठवड्याने रंगारी दुकानात आला. "ताई, स्वयंपाकघराच्या बाजूचा बोळ आणि मोरी तुम्ही धरलीच नाही." मी त्याला सरळ वेड्यात काढलं. त्या घराला बोळ नाहीच, म्हणाले. तो दुकानाच्या पायरीवरून हलेना. इतकी वर्षं माझ्याबरोबर काम केलेला माणूस, माझ्या तोंडाला लागायची त्याला सवय नाही. शेवटी रागारागाने त्याच्या गाडीवर बसून गेले, म्हटलं दाखव तुझा बोळ. बोळ होता, आबा. स्वयंपाकघराच्या उजव्या हाताला, सताड उघडं दार, त्यातून मागे मोरीपर्यंत जाणारा. नर्सबाई म्हणाल्या, "तुम्ही दोनदा इथूनच गेलात. मला वाटलं, बघितला असेल." मी तिथेच पाटावर बसून पाणी मागितलं.

मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळ्यांतला दाब बघितला, पुन्हा बघितला आणि मला एका मशीनसमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि बाजूला कुठे बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी ठिपक्याकडे बघत बसले. दिवा काही येईना. बऱ्याच वेळाने मी त्या तपासणाऱ्या पोरीला विचारलं, अगं, मशीन बंद पडलं का? ती म्हणाली, "नाही मावशी, चालू आहे. तुम्ही बघत राहा." तिचा आवाज इतका मऊ झाला, की मला तिथेच काय ते कळलं. काचबिंदू म्हणाले डॉक्टर. मोतीबिंदू नव्हे, तो काढता येतो. हा आतली शीरच वाळवतो. कडेकडेचं आधी जातं, मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं, त्यामुळे माणूस पेपर वाचतो, टीव्ही बघतो, त्याला पत्ता लागत नाही. मी विचारलं, मग जे गेलं तिथे काळं का नाही दिसत? ते म्हणाले, काळं दिसलं असतं तर लोक वेळेवर आले नसते का? जे दिसत नाही तिथे आपलं मनच आजूबाजूचं काहीतरी भरून टाकतं, भिंत असेल तर भिंत. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंब घालून राखायचं. डाव्यापेक्षा उजवा डोळा फार गेलाय म्हणाले.

घरी येताना रिक्षात मला तुमचे ते बिबडे, ते ज्वारीचे पापड आठवले. माझं लग्न ठरलेलं होतं त्या उन्हाळ्यातले. मायने घराच्या धाब्यावर, त्या मातीच्या गच्चीवर, खाटेशेजारी धोतर पसरून त्यावर बिबडे वाळत घातले आहेत, आणि तुम्ही जिना चढून येता, सरळ त्यांच्या मधून चालत खाटेपर्यंत जाता. तळपायाला ओलं पीठ चिकटल्यावर थांबता. माय कपाळावर हात मारते, "तुमनं ध्यान कोठे ऱ्हास हो?" तुम्ही एक पाय उचलून तसेच उभे आहात, आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आहे ते मला तेव्हा ओशाळलेपण वाटलं होतं. आता मेहरूणच्या त्या स्वयंपाकघरात मी तशीच उभी राहिले होते, म्हणून सांगते, ती भीती होती. खाली बिबडे आहेत हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. आणि त्याच संध्याकाळी मायला गोधडीसाठी सुईत दोरा तुम्ही पहिल्या झटक्यात ओवून दिलात. डोळ्यांवर कुणाचा संशय जाणार? जो माणूस सुईत दोरा ओवतो त्याला वाटेतला तांब्या दिसत नाही, असं कोण म्हणेल? तुम्ही पाण्याचे तांबे लाथाडायचात, दाराच्या चौकटीला खांदा आपटायचात. बाजूने कुणी रामराम घातला तर न बघता पुढे निघून जायचात. तुमचे जुने दोस्त दुखावले, म्हणाले, आबांना दुकानाची गुर्मी चढली. दुसरे म्हणाले, गुर्मी कसली, पितात. ज्या माणसाने आयुष्यात ताडीसुद्धा चाखली नाही त्याला गावाने बेवडा ठरवला. मला या गावकऱ्यांचा आजही राग येतो, आणि त्यातले निम्मे आता मरूनही गेलेत.

अंदाज चुकायला लागले ते त्याच वर्षी. मी मोठी झाले म्हणून मायने मला लोकांच्या घरी हिंडायचं बंद केलं होतं, तुम्ही एकटेच जायचात. देवपूरच्या वकिलांकडे त्यांच्या मुलीच्या लग्नाला फिका हिरवा रंग तुम्ही मिसळून दिलात आणि जिन्याकडची आख्खी भिंत सुटली. पुन्हा मिसळलेला रंग जुळला नाही. हळदीला आलेल्या पाहुण्यांना दारातूनच दिसावी अशी ती भिंत, बाकी घराशी फटकून उभी. वकील दुकानात आले, दहा लोकांसमोर म्हणाले, "आबा, आता घरी बसा." तुम्ही हसलात, बरं म्हणालात. मग आत येऊन मोरीवर हात धुवत राहिलात. हातांना काही लागलेलं नव्हतं. त्यानंतर तुम्ही कुणाकडे मोजायला गेला नाहीत. नुसते गल्ल्याच्या मागे बसून समोर बघत राहायचात, आणि समोरचं तेवढं तुम्हाला नीट दिसत होतं.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात निरोप आला. भर दुपारी हायवे ओलांडताना ट्रकखाली. ट्रकवाला पळून गेला नाही, रडत होता. तो सगळ्यांना एकच सांगत होता, "बाबा कडेला थांबले, इकडेतिकडे बघितलं आणि मग उतरले." त्याने हे स्वतःच्या बचावासाठी सांगितलं असेल, नसेल, पण गावाने एवढं एक वाक्य उचललं. थांबले, बघितलं आणि उतरले. म्हणजे ठरवून. धंदा बसला होता, अब्रू गेली होती, माणूस दिवसभर कुणाशी बोलत नव्हता, आणखी काय पाहिजे? तुमच्या खिशात टेप सापडला तेव्हा मी मायला म्हटलं, बघ, ते कुणाकडे तरी मोजायला निघाले होते. माय म्हणाली, टेप त्यांच्या खिशात कायमच असे. पुढे ती या विषयावर बोललीच नाही. तुम्ही तिला सोडून गेलात असंच मनात धरून ती तेवीस वर्षं जगली आणि तसंच मनात धरून गेली. हे तुम्हाला सांगायची माझी इच्छा नव्हती, पण खोटं तरी किती सांगू.

आणि धाकटा, माझा भाऊ. तो तेव्हा दहावीत होता. शाळा सुटली, कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये लागला, आता नरडाण्याच्या कारखान्यात आहे, धुळ्याहून रोज मोटारसायकलने जातो. चांगला संसार केला त्याने, बायको-पोरांना जपतो, पण तुमच्या बाबतीत तो दगड झाला. आखाजीला, अक्षय तृतीयेला, मी माहेरी जाते तेव्हा घरोघरी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरलेली असते, वर खरबूज, शेजारी सांजोऱ्या. आपल्याकडे माय होती तोवर तिने तुमची घागर स्वतः भरली, खरं तर ते मुलाचं काम. ती गेल्यावर त्याने एकच घागर मांडायला सुरुवात केली, तिच्या नावाची. मी एकदा म्हटलं, अरे, आबांची? तो न बघता म्हणाला, "ज्यासले जानं व्हतं त्या गयात. मी काबर घागर भरू?" उन्हाळ्यात तुमच्या नावाने घोटभर पाणी ठेवायला घरात कुणी नाही, हे मला दरवर्षी बघावं लागत होतं. दरवर्षी मी आमरस खाऊन, पिशवी भरून, एसटीत बसून परत येत होते.

डॉक्टरांनी मला विचारलं होतं, घरात कुणाला होता का? हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो, भावाबहिणींनी तपासून घ्यायचं. मी म्हणाले, हो, वडिलांना होता. पुढे तुमचं सगळं सांगितलं, बिबडे, रामराम, जिन्याची भिंत. ते ऐकून घेत होते. म्हणाले, असू शकतं, पण न तपासता मी कसं सांगणार? भावालाही निघालं तर घराण्यातून आलंय असं म्हणता येईल. मला ते ‘असू शकतं’ एवढंच पुरेसं होतं. मी त्याच आठवड्यात धुळ्याला गेले. धाकटा अंगणात गाडी धूत होता. मी त्याला आधी माझं सांगितलं, मग तुमचं. सांगताना डॉक्टरांच्या तोंडी जे नव्हतं तेही घातलं. तो ओला फडका हातात धरून ऐकत राहिला, पाणी त्याच्या पायांवर गळत होतं.

"डॉक्टरनी सांगं असं? आबाले व्हतं म्हनीसन?"

"हां. सांगं."

"मंग आबा मुद्दाम नही गयात?"

"नही रे. त्यासले ट्रक दिसनाच नही."

तो गाडीच्या पलीकडे गेला आणि खाली बसला. मला फक्त त्याच्या पाठीचा कणा आणि हलणारे खांदे दिसत होते. पन्नाशीला आलेला माणूस दहावीतल्या पोरासारखा रडला. या वर्षी आखाजीला आपल्या घरात दोन घागरी होत्या, आबा. तुमची त्याने स्वतः भरली, खरबूज चांगलं गोड बघून आणलं, आणि पाणी ओतताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. मी विचारलं नाही.

मी त्याच्या मागे लागले होते की डोळे तपासून घे, रोज हायवेने जातोस. तो आज-उद्या करत होता. शेवटी गेल्या आठवड्यात मी त्याला जळगावला बोलावून घेतलं आणि त्याच डॉक्टरांकडे नेलं. तो आत त्या मशीनसमोर बसला आणि मी बाहेर बाकावर. तिथे बसल्या बसल्या मला जे टाळत होते ते सगळं आठवायला लागलं. माझा अंदाज चुकला म्हणून मी तुमचे सगळे चुकलेले अंदाज माझ्या आजारात बसवून घेतले. बोळ सुटू शकतो, भिंत सुटू शकते, बिबडे पायाखाली येऊ शकतात. पण ट्रक केवढा असतो, आबा. त्याचा आवाज केवढा असतो. तुम्ही थांबला होतात, बघितलं होतं. समोरचं तर तुम्हाला नीट दिसत होतं, आणि मान वळवली की बाजूचंही समोर येतं. मी हल्ली तशीच मोजते, मान पूर्ण फिरवून, एक हात भिंतीला लावून, आणि त्यानंतर माझी एकही भिंत सुटलेली नाही. मग तुमचं काय होतं ते मी कशावरून ठरवू? तुम्ही दिसत नव्हतं म्हणून गेलात, की कुणालाच सांगता येत नव्हतं की दिसत नाही, म्हणून गेलात? तुम्हाला तरी ते कळलं होतं का?

तो बाहेर आला. डोळ्यांत थेंब घातलेले, बुबुळं मोठी झालेली, उजेडाला हात आडवा धरून हसत होता. "माले काही नही शे, अक्का. बठ्ठं साफ शे." डॉक्टरांनीही मागून तेच सांगितलं, दाब चांगला आहे, शीर चांगली आहे, वर्षाने एकदा दाखवत जा. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, बरं झालं म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो थांबला. उजेडाने डोळे बारीक करून माझ्याकडे बघत म्हणाला, "पन आबाले व्हतं ना?" मी म्हणाले, "व्हतं." जरा मोठ्यानेच म्हणाले. त्याने मान हलवली आणि आम्ही चहा प्यायला गेलो. पुढच्या आखाजीला तो किती घागरी मांडेल ते मला माहीत नाही.

हे सगळं लिहून ठेवायला हवं होतं असं नाही, आणि पाठवायचं तर कुठे पाठवणार. धाकट्याच्या हाती लागू नये म्हणून मी हे फाडूनही टाकीन. पण एक गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. तो आत त्या मशीनसमोर बसला होता, बायको-पोरांचा माणूस, रोज हायवेने जाणारा, माझ्या हातावर वाढलेला माझा भाऊ. आणि मी बाहेर बाकावर हात जोडून मागत होते, की त्याच्याही डोळ्यांत थोडंसं निघू दे.